आधी वडिलांना बसायला दे

वास्तुशांतीला चार पाहुण्यांत तुझा पाणउतारा नको म्हणून मी मुकाट्यानं जेवले आणि आले. आता ऐक. मधे बोलू नकोस. चौथीत होतास तेव्हाही तुला तीच खोड होती.

आजीचं सागवानी कपाट कुठं गेलं? जळणाच्या भावानं भंगारवाल्याला घातलंस. का, तर नव्या बंगल्यात ते ‘मॅच’ होत नव्हतं. बरं, जुन्याचा तिटकारा म्हणावा, तर त्याच महिन्यात पुण्याहून कुणा दलालाकडून ‘पेशवेकालीन’ मेज आणलंस आणि हॉलमध्ये मधोमध मांडलंस. घरचं खरं जुनं विकलं आणि बाहेरचं खोटं जुनं दहापट पैसे मोजून आणलं. उसाच्या बिलाचा हिशेब पै-पैनं तपासणारा तू, वजनकाट्यावर दहा किलोचा फरक पडला तर भांडणारा तू, तुझं डोकं त्या दिवशी कुठं गहाण पडलं होतं?

तू पाहुण्यांना कौतुक सांगत होतास तेव्हा मी त्या मेजाचा खण ओढून पाहिला. आत फुलीच्या खाचेचे स्क्रू. तसले स्क्रू अमेरिकेत १९३० च्या दशकात बाजारात आले. पेशवाई बुडाली १८१८ साली. इतिहासात तुला मी पास कसं केलं हेच मला कळेना. पाठीमागची फळी प्लायवूडची. किडीची भोकं सगळी एका मापाची आणि ओळीत. भुंगा पट्टी लावून लाकूड पोखरत नाही, ती ड्रिलनं पाडलेली आहेत. चारही कडा सारख्याच घासलेल्या. खऱ्या जुन्या मेजाची झीज माणसाचा हात-पाय लागतो तिथंच होते: खणाच्या ओठाला, पाय टेकतो त्या आडव्या पट्टीला. आणि मुळात एवढं उंच मेज पेशव्यांच्या कारकुनाला हवं कशाला? तो बैठकीवर मांडी घालून, पुढ्यात बुटकं डेस्क घेऊन लिहायचा. खुर्ची-टेबल आपल्याकडं घरोघर शिरलं ते इंग्रजी अमलात.

आपल्याकडचा १९७२ चा पुरावस्तू कायदा एखाद्या वस्तूला पुरावस्तू म्हणायला साधारण शंभर वर्षांची अट घालतो. आजीचं ऐंशी वर्षांचं कपाट त्यात बसत नाही, पण म्हणून ते टाकाऊ होत नाही. पुण्यात केळकर संग्रहालयात जाऊन ये. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दौती, कोरीव दारं अशा वीसेक हजार वस्तू जमवल्या आणि १९७५ साली सगळं सरकारच्या हवाली केलं. त्यातलं कितीतरी घरोघरच्या रोजच्या वापरातलं होतं. जुन्या बाजारातही जा, बुधवारी नाहीतर रविवारी. पण खिशात पैसे न घेता जा. आधी डोळा तयार होऊ दे.

आजीच्या कपाटात काय होतं ते तू कधी वाकून पाहिलंस? सांध्याला एक खिळा नव्हता. खाच पाडून कुसू बसवलेला, वर लाकडी खुंटी. असं कपाट उकलता येतं, एखादा पाय कुजला तर तेवढाच बदलता येतो. बारामतीत आजही असे सुतार आहेत, जे जुनं पॉलिश खरवडून, स्पिरिटमध्ये चपडा विरघळवून चार हात मारतील आणि कपाट पुन्हा पन्नास वर्षांसाठी उभं करतील. दाराचा काळपट रंग तुला मळ वाटला. तो मळ नव्हता रे, सागवान होतं.

त्याच्या जागी काय आणलंस? पार्टिकल बोर्डाचं वॉर्डरोब. दुकानदार ‘इंजिनिअर्ड वूड’ म्हणाला आणि तू मान डोलावलीस. तुझ्याच उसाच्या बगॅसपासूनही असले बोर्ड होतात; शेजारच्या माळशिरस तालुक्यात वेळापूरला त्याचा कारखानाच निघाला. मी बोर्डाला नावं ठेवत नाही. कोरड्या शहरी फ्लॅटमध्ये, भाड्याच्या घरात, दर चार वर्षांनी बदली होणाऱ्या माणसाला तो सोयीचा आहे. तुझं घर कुठं आहे? भवानीनगरला, काळ्या रानात, चहूबाजूंनी बारमाही ऊस आणि वर नीरा डाव्या कालव्याचं पाणी. मी बोट लावून पाहिलं: वॉर्डरोबमागच्या भिंतीला वीतभर ओल चढली आहे, नव्या प्लॅस्टरमधलं पाणीसुद्धा अजून सुकलेलं नाही. बोर्डानं पाणी प्यालं की तो फुगतो, फुगलेला परत बसत नाही, आणि बिजागरीचे स्क्रू निसटून हातात येतात. घ्यायचंच होतं तर पाणी सोसणाऱ्या प्लायचं करून घ्यायचंस. तक्त्यावर आयएस ७१० चा शिक्का आहे का एवढं बघायचं होतं. आणि कुठलंही कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ठेवावं, पायाखाली फरशीचे तुकडे घालावेत, म्हणजे ओल आणि वाळवी दोन्ही लांब राहतात. हे तुझ्या आजीला कुणी शिकवलं नव्हतं, तरी ती करायची.

माझा जुन्यावर आंधळा जीव आहे असं समजू नकोस. पडवीतली ती झोळ पडलेली लोखंडी खाट मोडीत घातलीस, उत्तम केलंस. त्यावर झोपून तुझ्या आईची कंबर गेली. तिच्या नातीला अभ्यासाला नवं टेबल आणलंस, तेही बरोबर. पण आईचं गोदरेजचं कपाट गोठ्यात का टाकलंस? गोदरेज कंपनी १९२३ पासून पोलादी कपाटं करते आहे. सातबारा, सोसायटीचे कागद, दागिने, सगळं त्या कपाटानं उंदरापासून आणि वाळवीपासून सांभाळलं. ते ना पुराणं ना नवं, म्हणून तुझ्या हॉलला नकोसं झालं. नवा रंग मारून आतल्या खोलीत उभं कर, कुणी हसणार नाही.

आता सोफ्याचं. हॉलच्या दोन भिंती अडवून बसलेला तो इंग्रजी एल अक्षराचा सोफा कुणासाठी आहे? तुझ्या वडिलांचं वय ऐंशीच्या घरात. त्या खोल, मऊ सोफ्यात ते एकदा बसले आणि उठताना दोघांनी धरून काढावं लागलं. तेव्हापासून ते पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात आणि तुझा सोफा टीव्ही बघत बसतो. म्हाताऱ्या माणसाला बैठक गुडघ्याच्या उंचीची लागते, सतरा-अठरा इंच, आणि रेटून उठायला भक्कम हात लागतात. मग ती खुर्ची आजोबांची असो, जुन्या बाजारातली असो नाहीतर कालची.

आणि आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी आपल्याकडून जाते, सणसरला मुक्काम पडतो, तेव्हा तुझ्या घरी दरवर्षी एक अख्खी दिंडी उतरते. जुन्या घरात जाजम टाकलं की पंचवीस माणसं पाठ टेकायची. परवा मी मुद्दाम पावलं टाकून मोजलं: सोफा, ते खोटं मेज आणि काचेचा टीपॉय धरून तुझ्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये सात माणसं आडवी होतील. बाकीच्यांना काय सांगणार आहेस, घर ‘मॅच’ होत नाही म्हणून?

दुकानात शिरण्याआधी घरात कोण बसतं, कोण झोपतं, भिंत किती ओली, दार किती रुंद, हे कागदावर लिहायला हवं होतंस. तू मासिकातल्या एका चित्राचं घर करायला निघालास आणि त्या चित्रात ना म्हातारा होता, ना वारकरी, ना काळी माती.

उद्या सकाळी त्या भंगारवाल्याकडं जा. कपाट अजून फोडलं नसेल तर तो मागेल ते देऊन परत आण. घासाघीस करू नकोस. येताना वडिलांना बसून उठता येईल अशी एक खुर्ची आण, पण त्यांना सोबत ने, त्यांनाच तिच्यावर बसवून बघ. आणि पालखीच्या आधी सोफ्याचा आडवा तुकडा हॉलमधून काढ. मी बघायला येणार आहे.