बुडीत क्षेत्र, लाभक्षेत्र आणि कादंबरीकार

‘पानिपत’ (१९८८) या ऐतिहासिक कादंबरीने ख्याती पावलेल्या विश्वास पाटील यांनी ‘झाडाझडती’त (१९९१) धरणग्रस्तांचा विषय हाताळला; तिला १९९२ चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला. लेखक तेव्हा प्रशासकीय सेवेत होते. ज्या यंत्रणेने माणसे उठविली, तिच्याच अधिकाऱ्याला त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार पोहोचतो काय?

प्रश्न रास्त आहे, पण अपुरा. नोटीस, मोबदल्याचा हिशेब, पर्यायी जमिनीबाबतची टाळाटाळ यांमागची कार्यपद्धती अधिकाऱ्याला आतून ठाऊक असते. विस्थापिताच्या वाट्याला तिचे परिणाम तेवढे येतात. या कादंबरीचे नैतिक बळ अशा कोरड्या, कारकुनी तपशिलात आहे. करुणरस जेथे अनावर होतो, तेथे ते उणावते.

शिवाय अधिकाराचा प्रश्न एकट्या लेखकापुरता का ठेवावा? इंदापूर तालुक्यात भीमेकाठचे जुने पळसदेव उजनीच्या जलाशयात बुडाले. पाणी ओसरले की देवळाचे शिखर उघडे पडते. त्याच तालुक्यात, निरेच्या बाजूला, वालचंदनगरलगत कळंब आहे. या ऊसपट्ट्यातला वाचक ‘झाडाझडती’ हाती घेतो तेव्हा पळसदेवकरांविषयी त्याला हळहळ वाटते. निरेच्या कालव्यांना पाणी पुरविणाऱ्या भाटघरच्या जलाशयाखाली कोणाची शिवारे गेली, हे मात्र तो सहसा विचारीत नाही.