संख्येचा गुण कोणाचा?

१४२८५७ ही संख्या घ्यावी. तिची दुप्पट २८५७१४, तिप्पट ४२८५७१. सहापटीपर्यंत तेच सहा अंक त्याच क्रमाने फिरत राहतात, आरंभ तेवढा निराळ्या ठिकाणाहून होतो. सातपट केली की मात्र सहाही घरांत नऊ. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन तुकडे करून मिळवले, तर पुन्हा १४२८५७! हा दुसरा गुण ज्या संख्यांच्या ठायी असतो त्यांना कापरेकर संख्या म्हणतात. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे १९६२ पर्यंत देवळालीस शाळामास्तर होते.

आता प्रश्न असा की, हा गुण संख्येचा की आमच्या लेखनपद्धतीचा? रुआबांध्याचा दुकानदार 'उनचास' म्हणतो, आम्ही मनात 'एकोणपन्नास' म्हणतो. नाव बदलले तरी पैसे तेवढेच. परंतु दहाऐवजी आठ हा पाया धरून लिहू लागलो, तर हीच संख्या ४२७०११ अशी होते आणि दुपटीत अंकांचे ते फिरणे नाहीसे होते. ३×३×३×११×१३×३७ हे तिचे अवयव मात्र कोणत्याही लेखनात तेच. वेदान्ती यालाच स्वरूपलक्षण आणि तटस्थलक्षण म्हणतील. कावळा बसला आहे ते देवदत्ताचे घर. कावळा उडाला की खूण गेली.

हार्डीने १९४० साली ८७१२ आणि ९८०१ या आपल्या उलट्या रूपांच्या पटीत असणाऱ्या संख्यांविषयी हाच निवाडा दिला: कोड्यांच्या सदरात शोभतील, गणित्याला त्यांत काही नाही. आम्हीही बरीच वर्षे तसेच समजत होतो. मग मास्तरांचे आयुष्य कावळे मोजण्यात गेले काय?

एकाला साताने भागून पाहावे. बाकी १, ३, २, ६, ४, ५ या क्रमाने येते, सहाही बाक्या संपल्या की चक्र पुन्हा सुरू होते, आणि भागाकारात १४२८५७ हेच अंक उमटत राहतात. म्हणजे हा गुण एकट्या संख्येचा नव्हे, तसा लेखणीच्या लहरीचाही नव्हे. तो दहा आणि सात यांच्या नात्याचा आहे. आठाच्या पायावर लिहिणाऱ्यालाही ते नाते मोडता येणार नाही. ते त्याच्या डोळ्यांना दिसणार नाही, इतकेच. नात्याने आलेला गुण उपरा म्हणून खोटा ठरवण्याची घाई हार्डीसारख्यानेही केली, असे आम्हांस वाटते.

सरकारी नोकराला ही घाई फार ओळखीची. अंकाला दर्शनी किंमत असते आणि स्थानिक किंमत असते, हे आम्ही तिसरीत शिकलो. बदली झाली की मागच्या गावातील मान तिथेच राहतो, आणि मग तो आपला कधी नव्हताच, खुर्चीचा होता, असे आम्ही म्हणू लागतो. पण त्या गावाशी असलेल्या नात्यातूनच जे घडले, ते घडले नव्हते असे कसे म्हणावे?

कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून ज्या संख्या हाती लागत नाहीत, त्यांना कापरेकरांनी आपल्या गावाचे नाव दिले: देवळाली संख्या. २० ही त्यांपैकी एक. पाया बदलला तर ही यादीही बदलते, हे त्यांना ठाऊक नसेल असे आम्हांस वाटत नाही.