कवच कोणाचें रक्षण करतें?

कवच कशासाठीं, असें कोणी विचारिलें तर शाळेंतलें पोरही सांगेल कीं, अंगाला घाव लागूं नये म्हणून. परंतु २०११ सालीं इंग्लंडांतील सर्वोच्च न्यायालयापुढें एका शिरस्त्राणाविषयीं जो दावा चालला, त्यांत हें उत्तर पुरेसें ठरलें नाहीं. दावा होता 'स्टार वॉर्स' या १९७७ सालच्या चित्रपटांतील पांढऱ्या चिलखतांतील शिपायांच्या शिरस्त्राणाचा. ज्या कारागिरानें तीं प्लॅस्टिकचीं शिरस्त्राणें घडविलीं, तोच पुढें त्यांच्या प्रतिकृति विकूं लागला, तेव्हां चित्रपटाच्या मालकांनीं त्यास न्यायासनासमोर खेंचलें. प्रश्न असा कीं, ही वस्तु शिल्पकृति मानावयाची कीं उपयोगाचें साधन? मालकपक्ष म्हणे, या टोपानें कोणाच्याही डोक्याचें रक्षण होत नाहीं, तो केवळ एका कल्पनेस मूर्त रूप देतो. सबब तें शिल्पच होय. न्यायाधीशांनीं हें मानिलें नाहीं. कलाकृति म्हणावयाची तर ती चित्रपट. टोप हें ती सिद्ध करण्याच्या कामीं लागलेलें एक साधन, असा त्यांचा निर्णय झाला.

कायद्याच्या दृष्टीनें हा निर्णय यथायोग्यच असेल. आम्हांस त्यापुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्या कवचानें कोणाचेंही रक्षण होत नाहीं, तें चित्रपटांत काय काम करतें? ज्यांनीं तो चित्रपट पाहिला आहे (आणि आमच्या वाचकांच्या घरांतील मुलांनीं तो खास पाहिला असेल) त्यांस ठाऊक आहे कीं, प्रतिपक्षाचा एकही नेम त्या पांढऱ्या चिलखतानें अडल्यासारखा दिसत नाहीं. शिपाई पटापट पडतात. परंतु त्यांपैकीं एकासाठींही प्रेक्षक हळहळत नाहीं; कारण टोपाखालीं चेहरा होता हें त्यास दिसलेलेंच नसतें. म्हणजे चिलखत अगदींच निरुपयोगी नव्हतें. त्यानें रक्षण केलें तें मारणाराचें आणि पाहणाराचें.

चेहरा झांकण्याचें हें सामर्थ्य जुन्या कवींच्याही ध्यानीं आलें होतें. 'इलियड'च्या सहाव्या सर्गांत हेक्टर घटकाभर रणांगणावरून नगरांत येतो. बापाच्या डोक्यावरील चकाकणारा धातु व घोड्याच्या केसांचा डुलणारा तुरा पाहून त्याचें तान्हें मूल भितें आणि दाईच्या कुशींत तोंड लपवून रडूं लागतें. आईबापांस हंसूं येतें. हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवितो, आणि मग मुलाचा मुका घेतो. विसाव्या शतकांतील विज्ञानकथांनीं जें कवच निर्माण केलें, तें असें हातासरशीं काढून ठेवण्याजोगें नाहीं.

या नव्या कवचाचा प्रमुख कर्ता म्हणजे अमेरिकन कादंबरीकार रॉबर्ट हाइनलाइन. हा गृहस्थ अमेरिकेच्या नाविक विद्यालयाचा १९२९ सालचा पदवीधर. क्षयरोगामुळें १९३४ सालीं त्यास आरमाराची नोकरी सोडावी लागली. त्याची 'स्टारशिप ट्रूपर्स' ही कादंबरी १९५९ सालीं प्रसिद्ध झाली. तींतील पायदळाचा शिपाई जें चिलखत घालतो, तें सर्व सरंजामासह सुमारें दोन हजार पौंड वजनाचें आहे. पण तो भार त्यास जाणवत नाहीं. चिलखताच्या आंतल्या अंगास दाब ओळखणारीं शेंकडों लहान यंत्रें बसविलेलीं असून, शिपायाच्या देहाची जी हालचाल होईल तीच चिलखत कित्येक पट जोरानें करतें. त्यानें पाऊल टाकिलें कीं चिलखत पाऊल टाकतें. त्यानें उडी घेतली कीं तें इमारतीवरून झेंप घेतें. त्यास तें हांकावें लागत नाहीं, नुसतें अंगावर चढवावें लागतें. विमान किंवा रणगाडा चालविणारास जें लक्ष यंत्राकडे द्यावें लागतें, तें येथें सगळेंच्या सगळें शत्रूकडे देतां येतें. कल्पना म्हणून ही अप्रतिम आहे. आणि तिच्या पाठीशीं एक नैतिक विचारही आहे, तो टीकाकार पुष्कळदां नजरेआड करतात. कादंबरींतील एक उमेदवार शिपाई विचारतो कीं, अण्वस्त्रें जवळ असतांना सुरी फेंकावयास शिकण्याचें प्रयोजन काय? त्यास मिळणाऱ्या उत्तराचा आशय असा कीं, युद्ध म्हणजे सरसकट संहार नव्हे. विशिष्ट हेतूसाठीं, मोजून मापून वापरलेलें बल म्हणजे युद्ध. दुरून बाँब टाकणारा शहर जाळतो. चिलखतांतला माणूस दारापर्यंत जातो, आणि कोणास मारावें व कोणास सोडावें याचा निर्णय जागेवर करूं शकतो. तेव्हां ही सारी यंत्रसामग्री माणसास युद्धांतून हांकलण्यासाठीं नसून त्यास तेथें ठेवण्यासाठीं आहे. हा पक्ष हंसण्यावारी नेण्याजोगा खास नव्हे.

परंतु त्याच कादंबरीचें पहिलें प्रकरण पाहावें. नायक जुआन रिको प्रत्येक स्वारीपूर्वीं थरथर कांपतो. एकदां खालीं उतरला कीं कंप जातो. या स्वारीचा उद्देश शत्रूच्या शहराची नासधूस करून त्यास धाक बसविणें, एवढाच आहे. धांवतां धांवतां रिको एक भिंत फोडून पलीकडे शिरतो, तों समोरच्या दालनांत शत्रुपक्षाच्या लोकांचा मोठा समुदाय! ती जागा देऊळ आहे, धर्मशाळा आहे कीं लष्करी कचेरी आहे, हें त्यास उमगत नाहीं. कोणी तरी गोळी झाडतो. ती चिलखतावर आपटून त्याचे कान दणाणतात, इजा मात्र होत नाहीं. रिको त्या गर्दींत एक बाँब टाकितो. तो बाँब त्या लोकांच्याच भाषेंत ओरडून सांगूं लागतो कीं, मी तीस सेकंदांनीं फुटणार. आणि रिको निघून जातो. मोजून मापून बल वापरण्याचा सिद्धान्त येथें कोठें राहिला? रिको दुष्ट नाहीं, तो हुकुमाबाहेरही गेलेला नाहीं. पण ज्याच्या अंगास गोळी लागूं शकते, तो आंत पाऊल टाकण्यापूर्वीं दाराशीं कानोसा घेतो. भिंत फोडून जाणारास कानोशाची गरजच राहत नाहीं, आणि निवड करण्यास जो क्षण लागतो तो त्या कानोशांतच असतो. चिलखत तयार करणारानें बाकी सर्व गोष्टींची सोय केली आहे. एवढी मात्र त्याच्या रचनेंतून निसटली.

हें सर्व छापील पानांतच राहिलें असतें तर त्याचा एवढा खल करण्याचें कारण नव्हतें. पण अमेरिकेंत जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें १९६५ पासून 'हार्डीमन' नांवाचा असाच एक यांत्रिक सांगाडा करून पाहिला. माणसास पंधराशें पौंड उचलतां यावे हा हेतु होता. प्रत्यक्षांत सगळें यंत्र एकदम चालूं करतांच तें अनावर हातपाय झाडूं लागे, आणि धड चालला तो एक हात. पुढें २०१३ सालीं अमेरिकेच्या विशेष सेनाविभागानें 'टॅलोस' नांवाच्या चिलखताची योजना जाहीर केली व २०१९ सालीं ती गुंडाळली. ग्रीक पुराणांतील टॅलोस हा ब्राँझचा राक्षस; घोट्यापाशीं असलेल्या एकुलत्या एका शिरेमुळें तो मेला. नांव ठेवणारांनीं गोष्ट शेवटपर्यंत वाचली नसावी.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो बळकट आहे. ज्याचा मुलगा सरहद्दीवर उभा आहे, त्या बापास आमच्या या कानोशाच्या मीमांसेशीं काय कर्तव्य? तो म्हणेल, मिळेल तें कवच माझ्या मुलास द्या. विचार मागाहून करूं. वनपर्वांत सूर्य कर्णाच्या स्वप्नांत येऊन, इंद्र मागावयास येईल, त्यास कवचकुंडलें देऊं नकोस, म्हणून परोपरीनें विनवितो, तेव्हां तो देव म्हणून बोलत नाहीं, बाप म्हणून बोलतो. कर्णानें तें ऐकलें नाहीं व व्यासांनीं त्याच्या दातृत्वाची थोरवी गाइली. पण सूर्याची विनवणी चुकीची होती असें आम्हांस कधींही वाटलेलें नाहीं. कर्णाचें कवच कर्णानें द्यावें. दुसऱ्याच्या मुलाचें कवच उतरवून शौर्याचे धडे देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. मात्र कवच देतांना त्याच्याबरोबर आणखी काय दिलें जातें, हें पाहण्याचा अधिकार बापासही आहे.

तें काय, हें ज्यानें दाखविलें तो स्वतः लढून आलेला होता. जो हॉल्डमन यास १९६७ सालीं सक्तीच्या भरतींत घेतलें, व्हिएतनामांत पाठविलें, आणि तेथें तो जखमी झाला. त्याच्या १९७४ सालच्या 'द फॉरेव्हर वॉर' या कादंबरींतही तेंच यांत्रिक चिलखत आहे. पण येथें सरावांतच शिपाई त्याच्या पायीं मरतात. आंतील हवा निसटूं नये म्हणून चिलखत जायबंदी झालेला अवयव आपणच छाटून टाकितें. आणि त्याखालीं दुसरें एक कवच आहे, तें मनाचें. शत्रूनें केलेल्या अत्याचारांच्या बनावट आठवणी मोहनिद्रेंत शिपायांच्या मनांत भरलेल्या असतात; अधिकारी ठराविक शब्द उच्चारतो आणि त्या जाग्या होतात. त्या खोट्या आहेत हें नायक मॅन्डेला यास ठाऊक असतें, तरीही त्याचें रक्त खवळतें, आणि लढण्याची रीतच ठाऊक नसलेल्या प्रतिपक्षाची कत्तल होते. तें युद्ध अकराशें वर्षांहून अधिक काळ चालतें. अखेरीस दोन्ही पक्षांस एकमेकांशीं बोलतां येऊं लागतें, तेव्हां समोरच्यांचा पहिला प्रश्न असतो कीं, तुम्हीं हें कशासाठीं आरंभिलें? आणि माणसांकडून जें उत्तर जातें, त्यांत नुसतें आश्चर्य असतें.