बाराव्या विहिरीचा आकडा

२ जानेवारी २०२० रोजी अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी ट्विटरवर काही ओळी लिहिल्या. नव्या वर्षातले कामाविषयीचे आपले पहिलेच ट्विट वाईट बातमीचे आहे. आदल्या वर्षी 'सायन्स' या नियतकालिकात छापलेला आपला शोधनिबंध आपण मागे घेत आहोत. प्रयोग पुन्हा करून पाहिला तर तसे निष्कर्ष येत नाहीत, असा त्याचा आशय होता. निबंध विकरांच्या, म्हणजे एन्झाइम्सच्या मदतीने लॅक्टम नावाची संयुगे घडविण्यासंबंधी होता. तपासणी केली तेव्हा महत्त्वाच्या प्रयोगांच्या त्या त्या दिवशीच्या नोंदी आणि मूळ आकडे वहीत सापडले नाहीत. पुढे त्यांनी असेही लिहिले की, निबंध पाठविताना आपण कामात गुंतलो होतो आणि आपली जबाबदारी आपण नीट पार पाडली नाही. सर्वांची माफीही मागितली.

या बाईंना २०१८ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेले होते. त्यांनी मौन पाळले असते तर काय बिघडले असते? फार काही नाही. चार-दोन प्रयोगशाळांतल्या विद्यार्थ्यांनी तो प्रयोग करून पाहिला असता, तो जमला नसता, आणि दोष आपल्याच हाताचा असे समजून ती पोरे गप्प बसली असती. आम्हांला वाटते, माफी खरी त्या पोरांची होती. ती कोण, कुठली, हे बाईंना कधीच कळणार नव्हते.

वाचकहो, हे आम्ही वाचले तेव्हा आमच्या कपाटातल्या काळ्या पुठ्ठ्याच्या एका प्रबंधाकडे आमची नजर गेली. त्याविषयी पुढे लिहूच. ते लिहिण्यासाठीच हा लेख आहे. पण आधी एका शब्दाचा घोळ सांगायला हवा.

निबंध मागे घेणे याला विज्ञानाच्या जगात एकच शब्द आहे, रिट्रॅक्शन. ज्याने आकडे रचले त्याचाही निबंध रिट्रॅक्ट होतो आणि ज्याच्या हातून प्रामाणिक चूक झाली त्याचाही. २०१२ साली फँग, स्टीन आणि कॅसाडेव्हॉल या तिघांनी जीववैद्यक क्षेत्रातले मागे घेतलेले २,०४७ निबंध तपासले. त्यांतले सुमारे ६७ टक्के निबंध गैरवर्तनामुळे मागे घेतलेले निघाले आणि सुमारे २१ टक्के प्रामाणिक चुकीमुळे. म्हणजे चूक कबूल करायला जो पुढे येतो त्याला ज्या बाकावर बसवितात, तिथे आधीच दोन-तीन चोर बसलेले असतात. रस्त्यावरून जाणारा बघतो तेव्हा त्याला सगळे सारखेच दिसतात. मग कोण येईल पुढे?

या बाबतीत आपल्या जुन्या उलेमांचा विवेक आम्हांला अधिक बारीक वाटतो. हदीस सांगणाऱ्या रावींची पारख करताना त्यांनी एकाच मापाने कोणाला मोजले नाही. खोटे रचणारा तो 'कज्जाब', त्याचे काहीच घ्यायचे नाही. नेक पण स्मरणशक्तीने कच्चा, त्याचा दर्जा निराळा. आणि उतारवयात ज्याची स्मृती गोंधळली त्याचा त्याहून निराळा. अता इब्न अस-साइब यांच्याबद्दल ग्रंथांत नोंद आहे की, शेवटच्या काळात त्यांची याददाश्त ढळली. म्हणून सुफियान सौरी आणि शुअबा यांच्यासारख्या शागिर्दांनी आधीच्या काळात जे ऐकले ते ग्राह्य धरायचे, नंतरच्यांचे नाही. यात अता यांची बेअदबी कोणाला वाटली नाही. चुकीची नोंद झाली, माणूस बदनाम झाला नाही. आज विद्यापीठांतून ज्यांचा बोलबाला आहे त्या समित्यांना एवढी वर्गवारी अजून जमलेली नाही, असे आम्ही म्हणालो तर रागावू नये.

मात्र चुकीला माफी असली तरी चूक कळल्यावर पाळलेल्या मौनाला ती असते का, हा प्रश्न वेगळा आहे. २०२३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष, मज्जाशास्त्रज्ञ मार्क टेसिए-लव्हीन यांना पद सोडावे लागले. त्यांच्या जुन्या निबंधांतल्या चित्रांत फेरफार असल्याचा प्रश्न विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्याच वर्तमानपत्राने लावून धरला होता. चौकशी समितीने सांगितले की, फेरफार त्यांनी स्वतः केला नाही. पण चुका समोर आल्यावर अनेकदा त्यांनी त्या ठामपणे आणि खुलेपणाने दुरुस्त केल्या नाहीत. जे केले त्यात ते निर्दोष ठरले. जे केले नाही, त्यापायी गेले.

उघडपणे बोलणाऱ्यालाही सगळे माफच असते असे मात्र नाही. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा या प्रयोगातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी जाहीर केले की, जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेतून सुटलेले न्यूट्रिनो सुमारे ७३० किलोमीटरवरच्या इटलीतल्या ग्रान सास्सो प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचतात. महिनोन्‌महिने शोधूनही आम्हांला यातली चूक सापडत नाही, तुम्हीही तपासा, असे ते जगाला म्हणाले. पुढच्या फेब्रुवारीत चूक सापडली. प्रकाशतंतूच्या एका केबलची जोडणी नीट बसलेली नव्हती. मार्च २०१२ मध्ये प्रयोगाच्या दोघा प्रमुखांनी पद सोडले. त्यांनी घाई केली असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यात तथ्यही असेल. परंतु खोटे ते बोलले नव्हते. शंका त्यांनी पदरात बांधून ठेवली नव्हती.

दुरुस्ती करावी, पण गाजावाजा कशाला, असेही काही शहाणे म्हणतात. त्यांना न्यूयॉर्कच्या सिटीकॉर्प इमारतीची हकीकत सांगावी. जुनी आहे, पण स्थापत्यातली म्हणून सांगतो. ५९ मजल्यांची ही इमारत १९७७ साली उभी राहिली. तिचे अभियंता विल्यम लेमेजरर यांच्या पुढच्याच वर्षी लक्षात आले की, तिरप्या वाऱ्याचा हिशेब धरला तर सांगाड्याचे सांधे कमजोर आहेत. वेल्डिंगच्या जागी बोल्ट बसविले गेले होते. त्यांनी मालकांना सांगितले आणि रात्री वेल्डर आत जाऊन सांधे मजबूत करू लागले. त्याच दिवसांत शहरातल्या वर्तमानपत्रांचा संप चालू होता. आसपास राहणाऱ्या हजारो माणसांना काही सांगितले नाही. ती गोष्ट १९९५ साली एका साप्ताहिकातून बाहेर आली, म्हणजे १७ वर्षांनी. इमारत उभी आहे. अभियांत्रिकीच्या वर्गांत हे नैतिक धैर्याचे उदाहरण म्हणून शिकवितात. आमचे मन मात्र त्या वर्षीच्या वादळी दिवसांत इमारतीखालून रोज जाणाऱ्या माणसांपाशी घुटमळते. त्यांच्या जिवाचा निर्णय झाला, त्यांना न विचारता.

आता आमची गोष्ट. मराठीत 'आम्ही' म्हणण्याची एक सोय असते, दोष चौघांत वाटला जातो. इथे चौघे नव्हते.

१९८६ साली एम. एस्सी.च्या प्रबंधासाठी आम्ही कृष्णाकाठच्या एका गावातले पाणी तपासले. गाव आमच्या मामूंचे. विहिरी बारा, पाण्यातला नायट्रेट मोजायचा. फिनॉल डायसल्फॉनिक आम्ल घातले की पिवळा रंग येतो. रंग जितका गडद तितका नायट्रेट जास्त. अकरा विहिरींचे आकडे लिटरला १८ ते ३८ मिलिग्रॅमच्या आत आले. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडची मर्यादा ४५ ची. मोहल्ल्याच्या टोकाला, उकिरड्याशेजारी जी बारावी विहीर होती, तिचा आकडा आला ११२.

उसाला घातलेला युरिया, शेणाचे खड्डे, संडासाचे पाणी, कारणे पुष्कळ असू शकतात. किंवा आमची बाटलीच धुतलेली नसेल. ते कळायला पुन्हा गावी जाऊन पाणी आणायला हवे होते. एस. टी.चा एक दिवस. परीक्षा तोंडावर होती. आमच्या मार्गदर्शकांनी तक्ता पाहिला आणि म्हणाले, "हा एक बाहेरचा दिसतोय, आलेख बिघडतो. काढून टाका." आम्ही काढला. प्रबंधात लिहिले, गावातील अकरा विहिरींचा अभ्यास केला. वाक्य अक्षरशः खरे होते. आम्हांला प्रथम श्रेणी मिळाली आणि मामूंनी मोहल्ल्यात पेढे वाटले.

असे पाणी सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला घातक असते. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते, अंग निळे पडते. हे तेव्हाही पुस्तकांत होते आणि आम्ही ते वाचलेले होते. त्या विहिरीच्या पाण्यात कोणाकोणाच्या बाळांचे दूध कालवले गेले, एखाद्याला त्रास झाला की कोणालाच नाही, हे आता कसे कळणार? आकडा खरा होता की खोटा, हेही आम्हांला माहीत नाही. ते माहीत करून घेणे हेच आमचे काम होते. मागाहून तीस वर्षे आम्ही पोरांना प्रयोगशाळेत शिकविले. आकडे बदलू नका, असे दर वर्षी बजावले. हे मात्र कधी सांगितले नाही.

बंद्यांचे हक्क बंद्यांकडूनच माफ करून घ्यावे लागतात, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. म्हणून मागच्या ईदनंतर त्या गावी गेलो. मामू आता नाहीत. नळ केव्हाच आले आहेत. विहिरीवर लोखंडी जाळी आहे, आत प्लास्टिकच्या पिशव्या तरंगतात. शेजारच्या ओसरीवर मामूंच्या नात्यातल्या एक खाला बसल्या होत्या, नव्वदीच्या आसपासच्या. आम्ही त्यांच्याशेजारी बसलो आणि बाटलीपासून आलेखापर्यंत सगळे सांगितले. त्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून मोठ्याने सांगावे लागले; गल्लीतली दोन-तीन माणसे येऊन उभी राहिली.

खालांनी पूर्ण ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "उस बावडी का पानी तो मीठा था, बेटा."

नायट्रेटला चव नसते, असे आम्ही त्यांना सांगितले. त्यांना ते ऐकू गेले की नाही, कोण जाणे. उभ्या असलेल्यांपैकी एका तरुणाने विचारले, तेव्हा या विहिरीवर किती घरे पाणी भरत होती. खाला बोटांवर मोजू लागल्या.