खऱ्या वस्तीस खोटा दाखला

वाचकहो, खऱ्या गोष्टीकरितां खोटा पुरावा देणें हें पाप आहे कीं नाहीं? हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा नव्हे. मोटार चालविण्याचा परवाना मागावयास गेलेल्या गरीब तरुणापुढें तो प्रत्यक्ष उभा राहतो.

समजा, बिदरकडील एक तरुण पोटासाठीं पुण्यास येऊन भाड्याच्या खोलींत राहिला आहे. त्यास मालाच्या टेंपोवर चालकाची नोकरी मिळण्यासारखी आहे. पण त्यास परवाना पाहिजे. मनुष्य सामान्यतः ज्या राज्यांत राहतो किंवा धंदा करितो, तेथें अर्ज करावा असा कायदा आहे, आणि अर्जाबरोबर पत्त्याचा पुरावा लागतो. हा तरुण खरोखर पुण्यांतच राहतो. शेजारी त्यास ओळखतात, वाणी त्यास उधार देतो. परंतु घरमालक भाडें रोख घेतो व लिहून कांहींच देत नाहीं. अशा वेळीं कचेरीबाहेरचा दलाल म्हणतो, "पैसे द्या, भाडेकराराचा कागद मी करून देतों. तुम्ही येथें राहतां हें तर खरेंच ना?"

हें बोलणें गोड आहे, म्हणूनच घातक आहे. ज्याच्या हातीं गाडी, त्याच्या हातीं वाटसरूंचे प्राण. अपघात झाला तर तो मनुष्य सांपडला पाहिजे. पत्ता देणें म्हणजे 'मला जाब विचारावयाचा असेल तर मी येथें आहें' असें वचन देणें होय. तें वचन बनावट कागदावर दिलें, तर राहणें खरें असूनही वचन देणारा खोटा ठरतो. शिवाय जो दलाल आज प्रामाणिक मनुष्यास कागद विकतो, तोच उद्यां ठोकर देऊन पळणाऱ्यासही विकील.

मग गरिबानें काय करावें? १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील चौथ्या नियमांत एक वाट ठेविली आहे. पुरेशा कारणामुळें नेमलेला कागद देतां येत नसेल, तर दंडाधिकारी किंवा नोटरी यांजपुढें शपथेवर केलेलें प्रतिज्ञापत्र अधिकारी पुरावा म्हणून स्वीकारूं शकतो. ज्याजवळ दुसरें कांहीं नाहीं, त्याजवळ त्याचा शब्द आहे. मात्र अधिकाऱ्यानें तें न मानिल्यास नोकरी हातची जाईल, हेंही खरें. सत्याची किंमत कित्येकदां भाकरीनें द्यावी लागते. पोट भरलेल्यानें ही गोष्ट हलकी समजूं नये.

म्हणून सगळा बोजा त्या तरुणावर टाकून आपण मोकळे होऊं नये. खरा कागद अडवून ठेवणारा मनुष्य खोट्या कागदाचा वांटेकरी नव्हे काय? १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमान्वयें भाडेकरार लेखी व नोंदलेला असला पाहिजे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि ती टाळणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्हीं शिक्षा सांगितल्या आहेत.

तरी वाचकहो, आपणांपैकीं कोणी शहरांत खोली भाड्यानें दिली असेल, तर तेथें राहणाऱ्यास करार आजच करून द्या. आणि ज्याचा मुलगा कामासाठीं परगांवीं निघाला असेल, त्यानें त्यास सांगावें: बाबा, पहिलें भाडें देण्यापूर्वीं करार लिहून माग, आणि खोटा कागद कधीं विकत घेऊं नको.