अंधारातील दिवा आणि खांबावरचा माणूस

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गोमंतकाच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा झाडे उन्मळून तारांवर पडली व गावेच्या गावे काळोखात राहिली. अशा समयी ज्याच्या पडवीत जनरेटर आहे त्याच्या घरी दिवा लागतो. त्यात गैर काही नाही. घरात रुग्ण असेल, विहिरीवरचा पंप चालवावयाचा असेल, तर ही सोय म्हणजे चैन नव्हे. प्रश्न निराळाच आहे. आपल्या दिव्याचे मोल दुसराच कोणी तर देत नाही ना?

पुष्कळजण यंत्राची वायर सरळ भिंतीतील सॉकेटात जोडून देतात. मेन स्विच चालू राहिला, तर ती वीज घराबाहेर पडून सार्वजनिक तारांत शिरते. जो ट्रान्सफॉर्मर एरवी ११,००० व्होल्टची वीज आपल्या घरच्या २३० व्होल्टांवर उतरवितो, तोच उलट वाटेने आलेल्या विजेला पुन्हा हजारो व्होल्टांवर चढवू शकतो. आणि त्याच वेळी, तार मृत आहे असे समजून, आपल्याच गावात उजेड आणण्यासाठी लाइनमन खांबावर चढलेला असतो.

कोणी म्हणेल की, तार जमिनीशी जोडल्यावाचून कामास हात घालू नये हा त्याचा नियमच आहे. तो त्याने पाळावा. पाळावाच. परंतु त्याची सावधगिरी हा त्याचा धर्म झाला. तिच्या भरवशावर आपण निष्काळजी राहावे, असा अधिकार त्यातून आपणांस मिळत नाही. योगसूत्रांत हिंसेच्या मुळाशी लोभ व क्रोध यांच्याबरोबर मोहही सांगितला आहे. ‘मला ठाऊक नव्हते’ ही सबब तेथे फारशी टिकत नाही.

‘मी आठवणीने मेन बंद करीन’ हेही पुरेसे नाही. वादळी रात्री, मुले रडत असता, कोणाची आठवण शाबूत राहते? म्हणून वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. त्यात बाहेरची वीज व घरची वीज यांपैकी एकच जोडली जाते. विसरलो तरी कोणाचा प्राण जात नाही. सद्बुद्धीपेक्षा खटक्यावर विश्वास ठेवणे काहींना कमीपणाचे वाटते. मला ते वाटत नाही.

धुराची गोष्ट याहून अवघड आहे. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने चिकटतो. अमेरिकेत लुइझियाना राज्यात २०२० च्या लॉरा वादळातून वाचलेली कितीतरी माणसे नंतर जनरेटरच्या धुराने दगावली. यंत्र घरात, पडवीत वा जिन्याखाली मुळीच नको. दारे-खिडक्यांपासून निदान वीस फूट दूर, उघड्यावर हवे. पण भिंतीला भिंत लागलेल्या आळीत आपल्या खिडकीपासून वीस फूट म्हणजे नेमकी शेजाऱ्याची खिडकी! तेथे ‘माझे अंगण’ हा युक्तिवाद लंगडा पडतो, कारण धूर सातबारा पाहून वाहत नाही. अशा आळीत बॅटरीवरचा इन्व्हर्टर घ्यावा, नाहीतर चार घरांनी मिळून मोकळ्या मैदानात एकच यंत्र ठेवून तेथे औषधांचा फ्रिज चालवावा व फोन भारून घ्यावेत. बाकीच्यांनी त्या रात्री समई लावावी.