परत आलेली नावे

फोन रीसेट केल्यावर बॅकअपच्या व्हीसीएफ फाइलमधून परत येणारे संपर्क जुनेच असतात की नवे? फाइलमध्ये असतो साधा मजकूर: नाव, क्रमांक, कधी पत्ताही. तो वाचून फोन प्रत्येक नोंद नव्याने तयार करतो. क्षणिकवादी बौद्धांच्या मते जुने काही उरतच नाही, उरतो तो सारख्या क्षणांचा प्रवाह. न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणजे नैयायिक, स्मृतीचा उगम संस्कारात, म्हणजे अनुभवाने मागे ठेवलेल्या ठशात, मानतात; पण ‘तोच हा’ अशी ओळख पटायला संस्काराबरोबर प्रत्यक्ष अनुभवही लागतो. इथे नैयायिकांचेच म्हणणे अधिक पटते. फाइल संस्कार जपते, ओळख पलीकडून आवाज आल्यावरच पटते.

ऑगस्ट २०१९ मध्ये साताऱ्याकडून येणारी कृष्णा सांगलीत घराघरांत शिरली. अशा पुरात फोन गेला, तरी गूगल खात्यात ठेवलेली नावे दुसऱ्या फोनवर मिळतात. फाइलमधून मात्र परत येते ते बॅकअप घेतलेल्या दिवसाचे जग. ‘आक्का वाई’ म्हणून नोंदवलेली वाईची आक्का नंतर वारली असली, तरी तिचे नाव पुन्हा यादीत दिसते. ते पुसावे का? श्राद्धात तीन पिढ्यांची नावे गोत्रासह उच्चारतात. पितृऋणाची जाण त्यात असते. म्हणून नाव राहू देणेच योग्य. बंद पडलेला क्रमांक कंपनी काही काळाने दुसऱ्याला देते, तेवढा काढून टाकावा.